मीटरवर शून्य

"शून्य म्हणजे खराबच ना, दादा?"

आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरानं हे विचारलं तेव्हा त्याच्या एका हातात मीटरची लाल पिन होती आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला वडापाव. गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून "आधी हात पूस" एवढं बोलून मी विषय मिटवला. प्रश्न मात्र मिटला नाही. दुकान वाढवताना, रात्री जेवताना, अगदी दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेतसुद्धा तो कानाशी भुणभुणत राहिला. पोरगं आयटीआय झालेलं, हुशार, हाताला हलकं. त्याचं म्हणणंही सरळ होतं. बोर्डावरच्या बाकी सगळ्या कॉइलवर, म्हणजे एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या गुंडाळ्यांवर, व्होल्टेज येतंय, फक्त प्रोसेसरच्या कॉइलवर शून्य आहे, म्हणजे बिघाड तिथंच असणार. ऐकायला यात काही वावगं नाही. तरीही मला ते टोचलं, कारण याच एका समजुतीपायी किती धडधाकट बोर्ड भंगारात गेले ते मी याच टेबलावर बसून बघत आलोय.

लॅपटॉप मिरजेच्या एका गृहस्थांचा होता. लग्नपत्रिका छापतात. मशीन तिसऱ्या पिढीच्या आय फाइव्हचं, म्हणजे 2012 च्या आसपासचं. कीबोर्डावरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून गेलेली, बिजागरीपाशी एम-सील लावलेलं. आत विंडोज सेव्हन, पत्रिका मांडायचं जुनं कोरल आणि कुठल्या काळी बसवलेले मराठी फॉन्ट. "काका, या पैशांत थोडी भर घातली तर नवा येतो की," असं मी नेहमीप्रमाणे म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी प्रेसच विकायला सांगितलं. "नवा आणून करू काय? जुन्या पत्रिका त्याच्यात उघडल्या की सगळी वेलांटी-उकाराची खिचडी हुतीया. तुळशीचं लगीन झालं की माझ्या दारात रांग लागणार, तवा मी फॉन्ट जुळवत बसू का?" मी त्यांना सांगितलं की तुमच्या फायली डिस्कवर आहेत, डिस्क ठणठणीत आहे, बोर्ड गेला म्हणून डेटा जात नाही. लोकांचा हा गैरसमज घालवण्यात आमचा दिवसातला बराच वेळ जातो. पण काकांना फायली नको होत्या, हेच मशीन जसंच्या तसं चालू हवं होतं. आणि ते आधीच एका मोठ्या शहरातल्या दुकानातून जाऊन आलं होतं. बोर्ड बाहेर काढला तर प्रोसेसरच्या शेजारी चंदेरी मार्करनं लिहिलेलं: सीपीयू डेड.

मार्करनं लिहिलेल्या निकालाचा मला पहिल्यापासून राग आहे. पेन्सिलीनं लिहा की राव.

बोर्ड करंट दाखवणाऱ्या डीसी सप्लायवर घेतला, 19 व्होल्ट लावले. बटण दाबायच्या आधी काटा जेमतेम हलतो, दोन-तीन शतांश अँपिअर. हे चांगलं लक्षण. बटण दाबलं, लाइट लागला, पंखा फिरला, करंट अर्ध्या अँपिअरच्या अलीकडे जाऊन थांबला आणि तिथंच बसून राहिला. जिवंत बोर्डाचा करंट असा बसून राहत नाही. तो चढतो, उतरतो, मेमरी मोजताना उडी मारतो, स्क्रीन लागताना पुन्हा चढतो. इथं काहीच नाही. मग एकेक कॉइल. 5 व्होल्ट आहेत, 3.3 आहेत, रॅमचे दीड आहेत, 1.05 आहेत, त्याच्या शेजारचे एकच्या आतले आहेत. प्रोसेसरच्या मुख्य कॉइलवर पिन ठेवली तर 0.00. ग्राफिक्सच्या कॉइलवरही तेच. पोरानं प्रश्न विचारला तो याच क्षणी.

आता हा भाग नक्की करतो काय, ते थोडं सांगायला हवं, कारण मला स्वतःला तो अजूनही नवलाचा वाटतो. अडॅप्टर देतो 19 व्होल्ट आणि जास्तीत जास्त साडेतीन अँपिअरच्या आतबाहेर. प्रोसेसरला लागतो एक व्होल्टच्या आसपास, पण कामाला जुंपला की तीस-तीस अँपिअर. म्हणजे व्होल्टेज उतरवायचं आणि करंट वाढवायचा, तोही सेकंदाला लाखो वेळा मॉस्फेट नावाचे स्विच चालू-बंद करून. 19 चा 1 करायचा तर वरचा मॉस्फेट वेळेच्या साधारण विसाव्या हिश्श्यापुरताच चालू असतो, बाकीचा सगळा वेळ खालचा काम करतो. मधली काळी चौकोनी कॉइल हे तुकडे जोडून सलग धार करते. या सगळ्यावर लक्ष ठेवायला नखाच्या निम्म्या आकाराची एक आयसी. व्होल्टेज रेग्युलेटर; तिला आम्ही नुसतं व्हीआर म्हणतो. कॉइलवर शून्य आलं की नव्या मुलाची नजर पहिल्यांदा या आयसीवर जाते, मग प्रोसेसरवर. कॉइलपासून ग्राउंडला मीटर लावला तर बीप वाजतो, काही ओहमच दिसतात, आणि "शॉर्ट आहे!" म्हणून पोरं उडी मारतात. प्रोसेसरच्या पोटात एवढे ट्रान्झिस्टर आहेत की धडधाकट असतानाही तो तेवढाच रेझिस्टन्स दाखवतो. प्रोसेसर काढून पुन्हा मोजलं की बीप बंद होतो. मात्र सॉकेटचा प्रोसेसर असेल तरच हे जमतं. हल्लीच्या बोर्डांवर तो सोल्डर करूनच येतो, त्यामुळे ही सोय संपली.

पण खरी मेख वेगळीच आहे. पूर्वी प्रोसेसरला किती व्होल्ट हवेत ते सांगायला सात-सात पिना असायच्या. पिना खाली-वर झाल्या की व्हीआरला आकडा कळायचा, आणि आयसीला चालू व्हायचा हुकूम मिळाला की ती आधी एक ठरावीक व्होल्टेज आपणहून देऊन टाकायची. 2011 साली इंटेलच्या दुसऱ्या पिढीपासून हे बदललं. सातांच्या जागी तीन तारा आल्या: एक घड्याळाची, एक डेटाची, एक इशाऱ्याची. या तारांवरून प्रोसेसर व्हीआरशी बोलतो. आणि या बोर्डांवर व्हीआर जागी झाली तरी सुरुवातीला शून्यच देते. प्रोसेसर स्वतःहून "मला एवढे द्या" म्हणेपर्यंत ती हलत नाही. आमच्या भागातल्या माणसाला हे लगेच समजतं. कॅनॉलला पाणी आहे, पाटकरी हजर आहे, दार नीट आहे, पण सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागितलंच नाही तर रानात पाणी येत नाही. रान कोरडं दिसतं ते सारखंच. दार मोडलं असलं तरी कोरडं, अर्ज गेला नसला तरी कोरडं.

त्यामुळे या पिढीच्या बोर्डावर प्रोसेसरच्या कॉइलवरचं शून्य फार थोडं सांगतं. व्हीआर मेली असेल, प्रोसेसर मेला असेल, चिपसेटनं, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीच्या मोठ्या चिपनं, प्रोसेसरला "पॉवर ठीक आहे, लाग कामाला" हा सिग्नलच दिला नसेल, बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपमधला मजकूर खराब झाल्यामुळे चिपसेटच अडून बसला असेल, नाहीतर मधली एखादी तार तुटली असेल. मीटर या सगळ्यांना एकच आकडा दाखवतो.

माझे वस्ताद टीव्हीवाले. मिरजेत स्टेशनकडे जाताना त्यांची लाकडी फळ्यांची टपरी होती. पिक्चर ट्यूबचे टीव्ही, पाठीमागचं झाकण काढलं की तापलेल्या धुळीचा आणि मेणासारखा एक वास यायचा, तो अजून कुठं आला की मी मान वळवून बघतो. त्यांच्याकडं मीटर होता, पण पहिला भरवसा सिरीजच्या दिव्यावर. टीव्ही सरळ प्लगमध्ये घालायचा नाही, साठ किंवा शंभरच्या बल्बमधून घालायचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, चमकून मंदावला तर बरं आहे, लागलाच नाही तर आत काही चालतच नाही. आमचा अँपिअर दाखवणारा डीसी सप्लाय म्हणजे त्याच बल्बचा शिकलेला नातू. पण वस्तादांची गंमत अशी की बल्ब लागला नाही तर ते कधीच "मेला" म्हणायचे नाहीत. "अजून काय कळलं नाही" म्हणायचे. आणि तंबाखू मळत बसायचे. त्या वेळी मला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय.

ज्यानं मार्करनं सीपीयू डेड लिहिलं त्याला वाईट म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. बोर्डावर त्याच्या कामाच्या खुणा दिसत होत्या. व्हीआरच्या चारी बाजूंनी सोल्डरिंगचा तपकिरी फ्लक्स सुकलेला, म्हणजे आयसी बदलून पाहिली होती. काम सफाईचं होतं, पिना एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्या. मोठ्या दुकानात टेबलावर बोर्डांची चळत असते, काउंटरवरचा माणूस "झालं का, झालं का" करत असतो, आणि गिऱ्हाईकानं आधीच बजावलेलं असतं की अमुक रकमेच्या वर गेलं तर करू नका. आयसी बदलली, व्होल्टेज आलं नाही, मग उरला प्रोसेसर. हा हिशेब वेळेचा आहे. निकाल लावला की बोर्ड टेबलावरून हलतो, पुढचा येतो. "कळलं नाही" असं लिहून मशीन परत दिलं तर गिऱ्हाईक विचारणार, मग तुम्ही केलं काय? डेड म्हटलं की कोणी काही विचारत नाही. हीट मारून देणाऱ्यांपेक्षा तर हा माणूस कितीतरी बरा. चिपवर गरम हवा मारायची, बोर्ड पंधरा दिवस चालतो, तोवर पैसे घेऊन झालेले असतात. तो प्रकार आमच्या धंद्याला लागलेला रोग आहे, आणि त्यावर बोलायला बसलो तर हा लेख तिकडंच संपेल.

शून्याबद्दलचा माझा एक जुना अनुभव महापुराचा आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ, सगळं पाण्यात. माझं दुकान वरच्या मजल्यावर म्हणून वाचलं, पण पाणी ओसरल्यावर जे लॅपटॉप आले ते पोत्यांतून आले. उघडले की आतून चिखल आणि एक आंबूस वास. कीबोर्डाच्या खाली गाळाचा थर इतका सपाट बसलेला की त्यावर बोट फिरवून नाव लिहावं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे कॅन आणि टूथब्रश घेऊन आम्ही बोर्ड धूत बसायचो. त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसायची. बॅटरी आत राहिलेल्या बोर्डांवर चार्जिंगचा भाग आणि चोवीस तास जागा असणारा 3.3 व्होल्टचा भाग हिरवा होऊन खाल्लेला असायचा, तांब्याच्या रेषाच गायब. आणि त्याच बोर्डावर प्रोसेसरचा भाग बहुतेक वेळा बराचसा स्वच्छ. पाणी दोन्हीकडं सारखंच होतं. पण मशीन बंद असताना जिथं व्होल्टेज उभं होतं तिथं पाण्यानं तांबं खाल्लं, जिथं शून्य होतं तिथं फारसं काही झालं नाही.

तेव्हा वस्तादांची फार आठवण आली होती. ते तोवर गेले होते.

तर काकांचा बोर्ड. या मशीनचा प्रोसेसर सॉकेटवर आहे, बाजूचा स्क्रू अर्धा फिरवला की तो अलगद सुटतो. पोराला खणातला चालू प्रोसेसर आणायला सांगितला, बसवला. शून्य. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका दिसली, कारण मार्करचा निकाल तिथंच खोटा ठरला होता. बायोसची आठ पायांची चिप काढून प्रोग्रामरवर वाचली, चांगली फाइल भरली, परत लावली. शून्य. मग सर्किटचा नकाशा उघडला. हे नकाशे म्हणजे एक मजाच आहे. प्रत्येक पानावर इंग्रजीत गोपनीय असा शिक्का, आणि पेन ड्राइव्ह भरभरून देशभरातल्या रिपेअरवाल्यांकडं फिरतात. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या ते अधिकृतपणे देत नाहीत, आणि त्यांच्यावाचून दुरुस्ती होत नाही. नकाशावर बघून चिपसेटकडून प्रोसेसरला जाणारा पॉवर गुडचा सिग्नल मोजला. होता. व्हीआरचे 5 व्होल्ट होते, चालू हो म्हणणारा सिग्नलही होता. म्हणजे देणारा तयार, मागणाराही तयार.

उरल्या त्या तीन तारा. इथं मीटर कामाचा नाही. एवढ्या वेगानं चालणारं बोलणं त्याला कळत नाही, म्हणून सिग्नलची रेघ स्क्रीनवर दाखवणारा स्कोप काढला. बटण दाबल्यावर घड्याळाच्या तारेवर ठोके आले, स्क्रीनवर दातेरी रेघ उमटून गेली. डेटाची तार मात्र तळाला चिकटलेली, सपाट. पोरगं म्हणालं, "बोलतोय पण आवाज निघत नाही." बरोबर बोललं. ही तार आपणहून वर जात नाही, 1.05 व्होल्टकडून एक रेझिस्टर तिला वर ओढून धरतो आणि बोलणारा तिला खाली खेचून सोडत राहतो. नकाशात त्या रेझिस्टरची किंमत 130 ओहम. सप्लाय काढून मोजलं तर मीटर अनंत दाखवायला लागला.

मायक्रोस्कोपखाली सॉकेटच्या कडेला तो सापडला. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. एका टोकाचं चंदेरी टोपण शाबूत, दुसऱ्या टोकाला फट, आणि फटीत मोरपंखी हिरवा ठिपका. त्याच्या आसपास थोडा ओशट डाग, चहाचा असावा. हीटसिंकच्या खालून ओघळून एक थेंब इथवर आला असेल, एवढंच. भंगारातल्या एका बोर्डावरून तेवढ्याच किमतीचा रेझिस्टर काढला. असे भाग आम्ही विकत घेत नाही. मेलेल्या बोर्डांवर ते फुकट आणि चांगले मिळतात. पोरालाच लावायला दिला. चिमट्यात धरलेला रेझिस्टर श्वासानं उडतो, म्हणून त्यानं श्वास रोखला होता. फ्लक्सचा धूर निघाला, सोल्डर दोन्ही टोकांना चकाकलं. सप्लाय लावला, बटण दाबलं. करंट अर्ध्याच्या पुढं गेला, खाली आला, पुन्हा चढला. कॉइलवर 0.9 च्या आसपास आकडा थरथरत होता.

काका घ्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळं समजावून सांगायला लागलो. त्यांनी "हं, हं" केलं, आणि मधेच कोरल उघडून एक जुनी पत्रिका लावली. वरचा गणपती, त्याखाली "श्री गणेशाय नमः", खाली "आमच्या येथे श्रीकृपेकरून". वेलांट्या जागच्या जागी होत्या. मग त्यांनी पैसे किती ते विचारलं. किती रुपयांचा भाग बदलला हे विचारलं नाही, त्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. जाताना म्हणाले, "त्या मार्करचं काय लिवलंय ते पुसून टाका की. कोण उघडलं तर अपशकुन." अल्कोहोलनं पुसलं.

पोराला आता नवीनच खूळ लागलं. पुढं आलेल्या प्रत्येक बोर्डावर तो पहिल्यांदा त्या तीन तारा शोधायला लागला. एका कॉलेजच्या पोरीचा लॅपटॉप आला, त्याच्याही कॉइलवर शून्य. मी सप्लाय लावला तर करंटचा आकडा थेट वरच्या टोकाला जाऊन सप्लायनं हात टेकले. वरचा मॉस्फेट फुटून 19 व्होल्ट सरळ प्रोसेसरमध्ये गेले होते, आणि प्रोसेसर सोल्डर केलेला. प्रोसेसरच्या काचेसारख्या पाठीवर एका कोपऱ्यात करपल्याची बारीक खूण होती. "तरी एकदा डेटाची तार बघू का?" त्यानं विचारलं. बघ म्हटलं. मायक्रोस्कोपमध्ये डोकं घालून तो बराच वेळ बसला. त्या पोरीला मी सांगितलं की बोर्ड गेला, दुरुस्तीच्या नादी लागू नको, डिस्क काढून बाहेरच्या केसमध्ये घालून देतो, प्रोजेक्टच्या फायली सगळ्या आहेत. ती रडकुंडीला आली होती, फायली आहेत म्हटल्यावर सावरली, आणि केसचे तेवढे पैसे देऊन गेली.

पोरगं डोकं वर काढून म्हणालं, "दादा, तार चांगली आहे. रेझिस्टरपण तिन्ही चांगले आहेत."

"मग काढून घे," मी म्हणालो, "आणि डबीवर किंमत लिही. पेन्सिलीनं."